सायकलची वाट आणि खराटा

भवानी पेठेत माझ्या वडिलांचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, पुढे पत्र्याची पडवी, भिंतीला टांगलेले टायर आणि रस्त्याच्या कडेला ओळीने लावलेल्या भाड्याच्या सात-आठ सायकली. पडवीत पाण्याचं एक घमेलं असायचं आणि घमेल्याशेजारी डालड्याचा रिकामा डबा. पंक्चर काढताना टायरमधून जे निघेल ते अब्बा त्या डब्यात टाकत. बाभळीचे काटे, टांग्याच्या घोड्यांच्या नालेचे खिळे, चपलांच्या टाचांतून निसटलेल्या चुका, सोड्याच्या बाटल्यांच्या काचा. डबा भरला की रिकामा करायचा, पण सगळं जाड कागदात गुंडाळून. आपण काढलेला काटा दुसऱ्याच्या पायात जाता कामा नये, असा दुकानाचा दंडक होता.

शाळा सुटली की मी दुकानात बसायचो. पहिलं पंक्चर काढलं तो दिवस अजून आठवतो. ट्यूब बाहेर काढली, हवा भरून पाण्यात बुडवली, बुडबुडे येतात तिथे खूण केली, काचपेपर घासला, सोल्युशन लावलं, ठिगळ चिकटवलं. गिऱ्हाईक पैसे देऊन गेलं आणि दहा मिनिटांत सायकल हातात धरून परत आलं. चाक पुन्हा बसलं होतं. अब्बा रागावले नाहीत. त्यांनी टायर उलटा केला, आतून हळूहळू बोटं फिरवली आणि नखाएवढा काटा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "ठिगळ लावलंस रे, पण काटा कुठे काढलास?"

शहरांमधल्या सायकलच्या वेगळ्या वाटा, ज्यांना आपण सायकल ट्रॅक म्हणतो, त्यांचा इतिहास वाचताना मला अब्बांचं हे वाक्य वारंवार आठवत राहिलं. ट्रॅक किती किलोमीटरचे झाले याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. ते रोज झाडतं कोण, त्यावरची काच उचलतं कोण, याची चर्चा होत नाही. विषय किरकोळ वाटेल. पण सायकलच्या वाटा काही देशांत टिकल्या आणि काही देशांत नाहीशा झाल्या, त्यामागे जी कारणं आहेत त्यांत हा किरकोळ वाटणारा विषय फार वरच्या जागी आहे.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं की आपल्याला नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी आठवते. पण १८८८ साली त्यांनी बेळगावात जो उद्योग सुरू केला तो सायकलच्या दुकानाचा. इंग्लंडहून सायकली मागवायच्या, विकायच्या आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं. योगायोग असा की त्याच १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे हिसके कमी व्हावेत, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. त्याआधी सायकलची चाकं भरीव रबराची असत आणि रस्त्यावरचा प्रत्येक दगड थेट पाठीच्या मणक्यात जाई. हवेच्या टायरने सायकल मऊ झाली, हलकी झाली, सामान्य माणसाची झाली. पण हवा आली तसं पंक्चरही आलं. रस्त्यावर पडलेला काटा हा सायकलवाल्याचा प्रश्न झाला तो तेव्हापासून.

चांगला रस्ता हवा, ही मागणी जगात मोटारवाल्यांनी नव्हे, तर सायकलवाल्यांनी आधी केली. इंग्लंडमध्ये १८८६ साली सायकलस्वारांच्या संस्थांनी रस्ते सुधारण्यासाठी एक मंडळ स्थापन केलं. अमेरिकेत १८८० साली स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या संघटनेने चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ उभारली, १८९२ पासून त्यासाठी खास मासिकही चालवलं. रस्ते सुधारले. मग त्यांवर मोटारी आल्या आणि रस्ता मागणाऱ्याला हळूहळू कडेला व्हावं लागलं.

आता पुण्याकडे येतो. पेन्शनरांचं आणि सायकलींचं शहर अशी पुण्याची ओळख होती. कारखान्याचे भोंगे झाले की खडकीच्या दारूगोळा कारखान्याकडे, पुढे पिंपरीला १९५४ मध्ये स्थापन झालेल्या पेनिसिलीनच्या कारखान्याकडे सायकलींच्या रांगा लागत. प्राध्यापक सायकलवर, विद्यार्थी सायकलवर, दूधवाला सायकलवर, पोस्टमन सायकलवर. अब्बा सांगत, सायकलवर कर होता. तो भरला की धातूचा एक छोटा बिल्ला मिळायचा आणि तो सायकलला लावावा लागायचा. रात्री दिवा नसेल तर पोलीस अडवायचे. डबलसीट दिसलं की खाली उतरवून चाकातली हवा सोडायचे. हवा सोडली की ते गिऱ्हाईक मान खाली घालून आमच्या पडवीत येई. अब्बा पंप पुढे करत आणि हवा भरण्याचे पैसे घेत नसत.

त्या काळात सायकलसाठी वेगळी वाट हवी असं पुण्यात फारसं कुणाला वाटत नव्हतं. सगळा रस्ताच सायकलचा होता. मोटार अधूनमधून यायची, तिने भोंगा वाजवायचा आणि वाट मिळेपर्यंत थांबायचं. हे चित्र बदललं कसं, याचा इतिहास थोडा गमतीचा, थोडा खिन्न करणारा आहे. १९६०च्या दशकात आकुर्डीला बजाजचा स्कूटरचा कारखाना उभा राहिला. १९७२ साली त्यांची चेतक आली. त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. लूनाला पायडल होतं, म्हणजे सायकलवाल्याला सायकल सोडल्याचा धक्काही बसू नये अशी सोय. या कारखान्यांकडे सायकलवरून जाणाऱ्या कामगारांनीच ती वाहनं बनवली आणि हप्त्याहप्त्याने विकत घेतली. त्यांना दोष कोण देणार? रोज दहा-बारा मैल पायडल मारून पाठ मोडलेल्या माणसाला इंजिन मिळालं तर ते त्याने घ्यायलाच हवं. पण रस्ते तेवढेच राहिले आणि ज्याला इंजिन परवडलं नाही तो सायकलवाला कडेला ढकलला गेला.

ही जी 'कड' आहे, तिच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं. डांबरी रस्ता मधोमध किंचित उंच असतो, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावं म्हणून. पाण्याबरोबर माती, वाळू, खडीही कडेला येते. मोटारींची चाकं आणि त्यांच्या वेगाने उठणारा वारा मधला कचरा बाजूला फेकत राहतो. म्हणजे रस्त्याचा मधला भाग मोटारी फुकटात झाडतात आणि झाडलेलं सगळं कडेला लोटतात. काच कडेला, खिळा कडेला, फुटलेल्या टायरचे तुकडे कडेला. आणि कायदा, सवय आणि भीती तिन्ही मिळून सायकलवाल्याला सांगतात, कडेने जा!

दुकानातल्या डब्यात हा बदल मी डोळ्यांनी पाहिला. आधी टांगे गेले, नालेचे खिळे कमी झाले. मग बाभळीचे काटे कमी झाले, कारण शहराच्या हद्दीवरच्या बाभळीच उरल्या नाहीत. काचा वाढल्या, इमारतींच्या बांधकामावरचे खिळे वाढले. आणि अलीकडे, अब्बांच्या माघारी, माझ्या स्वतःच्या सायकलच्या टायरमधून जे निघतं ती असते केसासारखी बारीक पोलादी तार. ट्रकच्या रेडियल टायरच्या पोटात अशा तारांचं जाळं असतं. टायर फाटला की त्या तारा रस्त्याच्या कडेला विखरून पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना मात्र लागतात.

सायकलसाठी वेगळा ट्रॅक केला की या सगळ्यातून सुटका होईल असं आपल्याला वाटतं. इथेच गफलत होते. ट्रॅक वेगळा केला की गाड्यांपासून बचाव होतो हे खरं, पण मोटारींच्या चाकांची ती फुकटातली झाडलोटही तिथे बंद होते. सायकलचं चाक बारीक, वेग कमी. ते कचरा बाजूला फेकू शकत नाही. म्हणून ट्रॅकवर पडलेली काच उचलली जाईपर्यंत तिथेच राहते. मोठ्या रस्त्याची एक दिवसाची झाडलोट चुकली तर फारसं कळत नाही. ट्रॅकची आठवडाभराची चुकली तर ट्रॅक बंद पडतो. ज्या सरकारी कागदावर ट्रॅकचा खर्च मांडतात, त्याच कागदावर खराट्याचा खर्च मांडला पाहिजे तो यासाठी.

आपल्याकडे सायकल ट्रॅकचा विचार नव्हता असंही नाही. भारतीय रस्ते महासभा, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, हिने १९६२ सालीच सायकल ट्रॅक कसे असावेत याची शिफारस छापली. ज्या रस्त्यावर तासाला दोनशेहून अधिक मोटारगाड्या जातात, तिथे तासाला शंभर सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक करणं योग्य आहे, असं त्यात म्हटलं होतं. ट्रॅक किमान दोन मीटर रुंद असावा, एका सायकलला दुसरी ओलांडता यावी यासाठी तीन मीटर. तासाला दोनशे गाड्या! आज आपल्या गल्लीतही एवढ्या जातात. म्हणजे पानशेतच्या पुराच्या दुसऱ्या वर्षी हा नियम कागदावर होता. पुढची चाळीस-पन्नास वर्षं तो बहुतेक कागदावरच राहिला.

बाहेरच्या देशांतल्या दोन गोष्टी सांगतो. एक फसलेली, एक तगलेली.

फसलेली गोष्ट लंडनची. १४ डिसेंबर १९३४ या दिवशी लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न ॲव्हेन्यू या नव्या रस्त्यालगत ब्रिटनमधल्या पहिल्या खास सायकल ट्रॅकचं उद्घाटन झालं. वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनी ते केलं. लांबी सुमारे अडीच मैल, रुंदी साडेआठ फूट, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना. सरकारला वाटलं सायकलवाले आभार मानतील. पण सायकलस्वारांच्या मोठ्या संस्थेनेच विरोध केला. त्यांचं म्हणणं, पृष्ठभाग रस्त्याइतका चांगला नाही, प्रत्येक फाट्यावर ट्रॅक तुटतो, आणि सर्वांत मुख्य म्हणजे, आज तुम्ही ट्रॅक देता आणि उद्या म्हणाल की रस्त्यावर पाऊलच ठेवू नका. तेव्हा ही माणसं हेकट वाटली असतील. पुढे काय झालं? युद्धापूर्वीच्या चार-पाच वर्षांत ब्रिटनमध्ये असे बरेच ट्रॅक बांधले गेले. युद्ध आलं, मोटारी वाढल्या, देखभालीकडे कुणी पाहिलं नाही. काही ट्रॅकवर गवत चढलं, काहींवर मोटारी उभ्या राहू लागल्या. पुढच्या पिढीला ते कधी सायकलसाठी बांधले होते हेसुद्धा ठाऊक राहिलं नाही.

तगलेली गोष्ट हॉलंडची. तिथे उत्रेख्त शहरात १८८५ साली माळीबान या झाडांच्या रस्त्यावर सायकलसाठी वाट राखली गेली. आपल्यासारखाच तिथेही सायकलला बिल्ला होता. १९२४ साली सरकारने सायकलवर कर बसवला आणि कर भरल्याची खूण म्हणून पितळी बिल्ला सायकलला लावावा लागे. बेकार माणसांना तो फुकट मिळायचा, पण त्याला मधोमध भोक पाडलेलं असे. म्हणजे रस्त्यावर कुणीही बघून ओळखावं की हा बेकार आहे. कराचा पैसा रस्त्यांच्या निधीत जायचा आणि सायकलवाले कुरकुरायचे की आमच्या पैशावर मोटारवाल्यांचे रस्ते होतात. १९४१ साली, जर्मनांच्या अमलात, तो कर रद्द झाला.

हॉलंड पूर्वीपासून सायकलीचंच होतं आणि तसंच राहिलं, असा आपला समज असतो. तो खरा नाही. युद्धानंतर तिथेही मोटारींची लाट आली, रस्ते रुंद झाले, सायकली कमी झाल्या. १९७१ या एका वर्षात त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. फिक लांगेनहोफ या पत्रकाराची मुलगी त्यांपैकी एक. त्याने १९७२ साली वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचं शीर्षक होतं, 'मुलांची हत्या थांबवा'. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९७३ मध्ये, तेलाचा तुटवडा झाला आणि सरकारने काही रविवार मोटारबंदी जाहीर केली. मोकळ्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले. १९७५ साली सायकलस्वारांची नवी संघटना स्थापन झाली आणि तिल्बुर्ख, द हेग अशा शहरांत सलग सायकल मार्गांचे प्रयोग सुरू झाले.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. पण ती चळवळ ट्रॅक मिळाल्यावर घरी गेली नाही. उखडलेली फरशी, न उचललेली काच, वाटेवर आलेली झुडपं यांच्या तक्रारी नगरपालिकांकडे जात राहिल्या. ट्रॅकवरून जाऊ शकतील अशी छोटी झाडलोटीची यंत्रं आणि हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकणारी वाहनं नगरपालिकांच्या कामाचा भाग झाली. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये तर मुख्य सायकल मार्गांवरचा बर्फ आधी काढतात. तिथली महापालिका १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ठरावीक काळाने सायकलचा एक हिशेबच छापते. त्यात सायकलवाल्यांना विचारलेलं असतं, तुम्हाला सुरक्षित वाटतं का, ट्रॅकची देखभाल बरी आहे का? नुसते किलोमीटर मोजून तो हिशेब पुरा होत नाही.

आपल्याकडचा हिशेब आठवू. डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजना सुरू झाली. एप्रिल २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटलं गेलं की, रस्ते वाहनांसाठी नव्हे, माणसांसाठी आहेत असं धरून नियोजन करा. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यात स्वारगेट ते कात्रज बीआरटी धावू लागली आणि सातारा रस्त्यालगत सायकल ट्रॅक झाले. पुढे इतर रस्त्यांवरही झाले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सबंध शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या रंगीत सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या. मला फार आनंद झाला होता. अब्बांचा धंदा नव्या रूपात परत आला असं वाटलं. दोन-तीन वर्षांत त्यांतल्या बहुतेक दिसेनाशा झाल्या.

आता एक गोष्ट सांगतो, जिच्यामुळे मी हा विषय घेतला. अब्बांचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. रात्रपाळीचे वॉचमन. त्यांची काळी सायकल मी लहानपणापासून पाहिलेली. अब्बांना ते 'उस्ताद' म्हणत आणि दर दसऱ्याला सायकल धुऊन, हार घालून दुकानासमोर आणत. अब्बाही त्या दिवशी पानाला आपट्याच्या पानांसारखंच मानाने हाती घेत आणि मामांच्या गळ्यात पडत.

बीआरटी सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका पहाटे मामा पाळी संपवून ट्रॅकवरून घरी निघाले होते. पुढे कुणीतरी बांधकामाचा राडारोडा रात्रीतून ट्रॅकवर आणून टाकला होता. मामा सायकल उतरवून मोठ्या रस्त्यावर आले, ढीग ओलांडून परत ट्रॅकवर चढणार, तेवढ्यात मागून आलेल्या टेम्पोने त्यांना उडवलं. जीव वाचला. खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ते सायकलवर बसले नाहीत आणि नोकरीही राहिली नाही. मी दवाखान्यात गेलो तेव्हा त्यांना वेदनेपेक्षा एका प्रश्नाने जास्त छळलं होतं. जो येई तो विचारी, "ट्रॅक असताना तुम्ही रस्त्यावर आलातच कशाला?" मामा मला म्हणाले, "पूर्वी मला उडवलं असतं तर चूक उडवणाऱ्याची होती. आता माझी झाली."

लंडनच्या सायकलवाल्यांना १९३४ साली कशाची भीती वाटली होती, ते मला त्या खाटेपाशी कळलं. घाण, अडवलेला ट्रॅक हा नुसता निरुपयोगी नसतो. तो सायकलवाल्याचा रस्त्यावरचा हक्क काढून घेतो आणि बदल्यात काहीच देत नाही. मोटारवाल्याला वाटतं, यांना वेगळी जागा दिली आहे, मग हे इथे का कडमडतात? मलाही असं ओरडणारे भेटतात. एकदा ट्रॅकवरच्या वाळूवरून चाक घसरून मी पडलो, कोपर सोलून निघालं. दुसऱ्या दिवशी मुख्य रस्त्याने गेलो तर एका गाडीची काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "काका, तुमच्यासाठी ट्रॅक केलाय की!"

आता प्रश्न येतो, की ट्रॅक स्वच्छ का राहत नाही? सफाई कामगार आळशी आहेत, हे सर्वांत सोपं आणि सर्वांत खोटं उत्तर आहे. मी पहाटे उठणारा माणूस आहे. अंधारात डोक्याला फडकं बांधून खराटा मारणाऱ्या बायका मी रोज पाहतो. त्यांच्या वाट्याला आलेल्या रस्त्याची लांबी ठरलेली असते. त्यात ट्रॅक कुठेच धरलेला नसतो. रस्ता झाडला की ढीग कडेला लावायचा आणि कड म्हणजे तर ट्रॅक. ढकलगाडी यायला उशीर झाला, वारा सुटला, की ढीग ट्रॅकभर. पुन्हा ट्रॅक बांधणारं खातं एक, झाडणारं दुसरं, फांद्या छाटणारं तिसरं, खोदून केबल टाकणारे चौथे, आणि त्यावर उभी केलेली गाडी उचलणारे पोलीस पाचवे. पाच घरचा पाहुणा उपाशी राहावा तशी ट्रॅकची गत होते.

करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. झाडलोटीच्या रोजच्या वाटपात ट्रॅक स्वतंत्र धरावा आणि त्यासाठी माणसं जास्त द्यावीत. आहे त्यांच्याच पाठीवर ओझं टाकू नये. ढीग लावायची जागा ट्रॅकबाहेर ठरवावी. नवा ट्रॅक करताना छोटं झाडलोटीचं यंत्र किंवा निदान ढकलगाडी त्यावरून जाईल एवढी रुंदी असावी. १९६२ च्या शिफारशीतले दोन मीटर त्याला पुरतात. तोंडाशी खांब असे रोवावेत की सायकल आणि अपंगांची गाडी जाईल, मोटारसायकलला मात्र आत शिरावंसं वाटणार नाही. पाण्याच्या जाळ्यांच्या पट्ट्या चाकाला आडव्या हव्यात. उभ्या असल्या तर पुढचं चाक फटीत अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. पावसाळ्यात ट्रॅकच्या ठोकळ्यांवर शेवाळ धरतं, त्यावर गुलमोहराची पानं कुजतात, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये नुसता खराटा पुरत नाही, घासावं लागतं. ट्रॅकवर टपरी किंवा पथारी मांडणाऱ्याला हुसकावणं सोपं, पण पोट भरायला त्याला जागा आखून देणं हेही शहराचंच काम आहे. आणि गाडी ट्रॅकवर घालणं हा गुन्हा आहे. सायकलच्या राखीव वाटेवर वाहन चालवू नये हे रस्त्याच्या नियमांत १९८९ पासून लिहिलेलं आहे. ते अमलात आणायला नवा कायदा नको.

यातलं काही आपल्याही हातात आहे. अब्बा दुकानासमोरची दहा-पंधरा फूट कड स्वतः झाडायचे. पंक्चरवाल्याने कड झाडायची म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय, असं शेजारचे चिडवायचे. अब्बा हसून दोन गोष्टी सांगत. एक, पैगंबरांची शिकवण, की वाटेतून लोकांना इजा करणारी वस्तू बाजूला करणं हेही ईमानाचं एक अंग आहे. दुसरी गाडगेबाबांची. गावात आले की आधी खराटा हातात घेत आणि गाव झाडून झालं की मग कीर्तनाला उभे राहत. अब्बांना या दोन गोष्टींत काही फरक दिसत नसे. त्यांच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच होता. मागून कुणीतरी येतो आहे, त्याला काटा लागू नये.

मी कवी म्हणून ओळखला जातो, पण शिकलो ते सगळं त्या पडवीत. वाट बांधली की काम संपलं असं वाटणं म्हणजे काटा आत ठेवून ठिगळ लावणं. आपण गेली वीस वर्षं ठिगळं पुष्कळ लावली. आता टायर उलटा करून आतून बोटं फिरवण्याची वेळ आहे.

मामा आता नाहीत, अब्बाही नाहीत. डबा माझ्याकडे आहे. उद्या सोमवार. आपल्या घराजवळ सायकल ट्रॅक असेल तर सकाळी एकदा त्यावरून चालत जा. सायकल नसली तरी चालेल. काच दिसली तर उचला, कागदात गुंडाळा. राडारोडा दिसला तर महापालिकेला कळवा, आणि तो उचलला जाईपर्यंत पुन्हा कळवा. त्या वाटेने पहाटे कुणीतरी रात्रपाळी करून घरी येत असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)